ईदची नमाज मशिदीत की ईदगाहवर?

ईद झाली की कुणीतरी हमखास म्हणतं, "काल होटगी रोडच्या मशिदीत काय गर्दी होती!" ती मशीद नव्हे, आलमगीर ईदगाह. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहूनही आपण सोलापूरकर हा घोळ घालतो, याचं मला वाईट वाटतं.

मशीद ही मोहल्ल्याची रोजची जागा. पहाटेच्या फजरपासून रात्रीच्या इशापर्यंत दिवसातून 5 वेळा अजान होते आणि माणूस हातातलं काम ठेवून जवळची मशीद गाठतो. शहरात जागा महाग, त्यामुळे नव्या मशिदी वर वाढतात. हौदाऐवजी वजूसाठी, म्हणजे नमाजीआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी, नळांची रांग आणि वर एकावर एक मजले. नमाज पढवणारे इमाम मात्र एकच. स्पीकरवर त्यांचा 'अल्लाहु अकबर' आला की सगळे मजले एकदम झुकतात. मालक आणि हमाल एकाच सफेत, म्हणजे रांगेत, खांद्याला खांदा लावून. मला मशिदीचं मोठेपण इथंच दिसतं. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दुपारी जोहरच्या नमाजीत 4 फर्ज (सक्तीच्या) रकातींऐवजी, म्हणजे नमाजीच्या फेऱ्यांऐवजी, 2 होतात, आणि त्याआधी खुतबा, म्हणजे इमामांचं प्रवचन. रमजानमध्ये इफ्तार आणि तरावीह ही रात्रीची जादा नमाजही इथंच.

ईदगाहला छप्परच नसतं. मोकळं मैदान, पश्चिमेला एक भिंत, तिच्यात मेहराब, म्हणजे कमानीचा कोनाडा. (नमाज मक्केकडे तोंड करून पढतात, आणि सोलापूरहून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे.) जमात, म्हणजे एकत्र नमाज, भरते ती वर्षातून दोनदाच, रमजान ईद आणि बकरी ईदला. एरवी रिकामी दिसते म्हणून तिला पडीक जागा समजू नये. पैगंबरसाहेब मदिनेत स्वतःची मशीद असताना ईदसाठी मोकळ्या मैदानात जात, तोच हा रिवाज. एका मोहल्ल्याची नव्हे, अनेक मोहल्ल्यांची माणसं तिथं एकत्र येतात.

नमाजही थोडी वेगळी. ईदला अजान नाही, नमाज उभी राहतानाची हाक, म्हणजे इकामत, तीही नाही. 2 रकाती, पण हनफी पंथाच्या पद्धतीत 6 जादा तकबीर, म्हणजे हात उचलून 'अल्लाहु अकबर', म्हणून लहान मुलं शेजाऱ्याकडे बघत हात उचलतात. खुतबा इथं नमाजीनंतर असतो. रमजान ईदला फितरा, म्हणजे गरिबांसाठीचं दान, नमाजीआधी द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटते. बकरी ईदची नमाज लवकर, कारण कुर्बानी नंतरच.

पाऊस आला तर ईदची नमाज मशिदीत होते, जागा कमी पडली की दोन-तीन जमातींत. नाहीतर ईदगाहवरच. जाताना एका रस्त्यानं आणि परतताना दुसऱ्या, ही सुन्नत, म्हणजे पैगंबरसाहेबांची रीत. वाटेत जितके लोक भेटतील, तितक्यांना 'ईद मुबारक'.