फोन ठेवला, तरी कॉल चालूच कसा?

"समोरच्यांनी फोन ठेवला, माझ्या स्क्रीनवर मात्र सेकंद पळतच होते. चांगले अर्धा मिनिट!" इंटरनेटवरून फोन करणाऱ्यांची ही तक्रार आमच्याकडे वरचेवर येते, आणि तिच्या पाठोपाठ प्रश्न येतो: फोन बदलायला हवा का? बहुतेक वेळा नाही. फोन ठणठणीत असतो.

जुन्या तारेच्या फोनवर रिसीव्हर ठेवला की तारेतला करंट थांबायचा आणि एक्स्चेंजला ते लगेच कळायचं. इंटरनेट कॉलमध्ये अशी सलग तार नसतेच. तुमचा आवाज बारीक तुकडे होऊन जातो, साधारणपणे सेकंदाला ५० पॅकेटं. फोन ठेवणं हासुद्धा एक निरोपच असतो, आवाजापासून वेगळा पाठवलेला. बहुतेक ऑफिसांतले इंटरनेट फोन 'सिप' नावाच्या पद्धतीने बोलतात आणि त्यात या निरोपाचं नावच 'बाय' आहे. बाय पोचला, पलीकडून पोच आली, कॉल संपला. सगळं सुरळीत असेल तर यात इतका कमी वेळ जातो की जाणवतही नाही.

पण निरोप वाटेत हरवला तर? हे निरोप बऱ्याचदा अशा मार्गाने जातात जिथे पोचवण्याची हमी कोणी घेत नाही. म्हणून फोन स्वतःच तो पुन्हा पाठवतो: आधी अर्ध्या सेकंदाने, मग एका, मग दोन, आणि त्यानंतर दर चार सेकंदांनी. असे एकूण ११ प्रयत्न होतात आणि ३२ सेकंद झाले की तो नाद सोडतो. हे आकडे २००२ साली ठरलेल्या सिपच्या नियमांतले आहेत, आमच्या मनातले नाहीत. गंमत अशी, की ज्यांनी फोन ठेवला त्यांच्या स्क्रीनवर कॉल केव्हाच संपलेला असतो. अडकून पडतो तो दुसरा माणूस, "हॅलो, हॅलो" करत.

अकराही निरोप हरवले तर पलीकडच्या यंत्राला आपणहून ओळखावं लागतं की आता कोणी नाही. काही सर्व्हर आवाजाची पॅकेटं थांबलेली पाहून थोड्या वेळाने कॉल तोडतात. काही ठिकाणी ठरावीक वेळाने "आहात ना?" अशी विचारपूस होते. तिची नेहमीची मुदत मात्र ३० मिनिटांची असते, म्हणून नुसत्या तिच्यावर विसंबून चालत नाही.

निरोप हरवण्यामागे बहुतेकदा राउटर असतो. बराच वेळ हालचाल दिसली नाही की तो बाहेरून आत येण्याची वाट बंद करतो. काही राउटरांत 'सिप एएलजी' नावाची सोय असते. ती मदतीसाठी म्हणून निरोपातले पत्ते बदलते आणि नेमका तिथेच घोळ घालते. आमच्या मते ती बंदच ठेवावी. बोलता बोलता मोबाइल वाय-फायवरून डेटावर गेला तरी हेच होतं: पत्ता बदलतो आणि निरोप जुन्या पत्त्यावर जातो.

लँडलाइनची गोष्ट वेगळी. तुम्ही लँडलाइनला कॉल केला आणि त्यांनी रिसीव्हर ठेवला, तर काही एक्स्चेंज लाइन लगेच सोडत नाहीत. एका खोलीत फोन ठेवून दुसऱ्या खोलीत उचलता यावा म्हणून ही सवड ठेवलेली असते, आणि ती मिनिटभराचीही असू शकते. तुमच्याच ऑफिसात जुनी लाइन गेटवेला (जुनी लाइन आणि इंटरनेट फोन यांना जोडणाऱ्या यंत्राला) जोडलेली असेल, तर कॉल संपल्याचं गेटवेला कधी करंट तुटल्यावरून कळतं, कधी नुसता एंगेज टोन ऐकून. टोन ओळखायला तो दोन-चारदा ऐकावा लागतो, त्यात काही सेकंद जातात.

तेव्हा बोलणं संपलं की समोरच्याची वाट न बघता तुम्हीच कट करा. स्क्रीनवर सेकंद पळत असतील तर तुमचा माइकही चालू आहे असं समजा आणि शेजाऱ्याशी बोलताना जपून बोला!

बिलाचं म्हणाल तर, असा लटकलेला कॉल मोजणीत लांबलेला दिसू शकतो. आम्हाला तारीख आणि वेळ कळवा. आम्ही सर्व्हरची नोंद तपासू आणि जास्तीचा वेळ बिलातून वजा करू.

तक्रार करताना दोन गोष्टी आवर्जून सांगा: आधी फोन कोणी ठेवला, आणि त्यानंतर किती सेकंद गेले. ३२ च्या आसपास आकडा असेल तर आम्ही आधी राउटर बघतो, चार-पाच असेल तर गेटवे. आणि उलटा प्रकार होत असेल, म्हणजे फोन उचलल्यावर बरोबर अर्ध्या मिनिटाने कॉल आपोआप तुटत असेल, तर तेही सांगा. तिथे बहुधा कॉल उचलल्याची पोच हरवलेली असते, आणि दुरुस्ती बऱ्याचदा त्याच राउटरमध्ये निघते.