सर्कस नाइटला येताय ना? मग आधी एवढं वाचून घ्या

बुकिंग झालं की अर्ध्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर्कस म्हणजे वाघ-सिंह पण असणार का हो?" नाही हो. प्राणी एकही नाही, सगळी माणसंच. कोणी छताला टांगलेल्या कापडावर चढतं, कोणी उंच काठ्यांवरून गर्दीत फिरतं, कोणी चेंडू झेलतं, कोणी तलवार गिळतं, आणि हे सगळं क्लबमध्ये, डीजे चालू असताना, तुम्ही नाचताय त्याच फ्लोअरवर. मजा येते, पण तंबूतल्या सर्कशीपेक्षा हे प्रकरण जरा वेगळं असतं म्हणून हे पत्रक.

वेगळं म्हणजे कसं, तर १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली नावाच्या घोडेस्वाराने गोल जागेत घोड्यांचे खेळ करायला सुरुवात केली, घोडा गोल पळत असला की पाठीवर उभं राहणाऱ्याला तोल सांभाळायला सोपं जातं हे त्यामागचं गणित, आणि पुढे सर्कशीचं ते रिंगण ४२ फूट व्यासाचं ठरून गेलं ते आजतागायत तसंच आहे. रिंगणाच्या आत कलाकार, बाहेर खुर्च्या, विषय संपला. क्लबमध्ये मात्र ना कठडा असतो ना खुर्च्या. रिंगण तुम्ही लोकांनीच करायचं असतं, आपापल्या पायांनी, आणि तेही दर वेळी नव्याने.

त्याची खूण सांगतो. काळ्या टीशर्टमधली आमची तीन-चार मुलं छोटे टॉर्च घेऊन गर्दीत शिरतात, लाइट बदलतात, मुलं हात पसरून मागे सरका म्हणतात. तेव्हा खरंच मागे सरका. पुढच्या रांगेतले अर्धा पाऊल सरकतात आणि मागचे तेवढंच पुढे रेटतात, असं झालं की ॲक्ट सुरूच करता येत नाही. एक ॲक्ट साधारण ४ ते ६ मिनिटांचा, मग परत नाच, मग थोड्या वेळाने पुढचा ॲक्ट. सलग दोन तास शो बघायला मिळणार असं समजून येऊ नका. एवढं छोटं का असं विचारतात लोक, तर हाताची पकड तेवढीच टिकते, स्वतःच दाराच्या चौकटीला लटकून बघा, एक मिनिट काय असतं ते कळेल.

आता कापडाबद्दल, कारण सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच आणि सगळ्यात जास्त काळजी आम्हाला त्याचीच. याला सिल्क म्हणतात पण ते रेशीम नसतं, ताणलं जाणारं नायलॉनचं कापड असतं, लांबच लांब एकच पट्टा मधोमध दुमडून वर लोखंडी कडीत अडकवतात म्हणून खाली दोन शेपट्या दिसतात. कमरेला दोरी नाही, खाली जाळी नाही. कलाकार मांडीला, कमरेला, पायाच्या घोट्याला कापडाचे वेढे घेते आणि त्या वेढ्यांच्या घर्षणावर सगळा भार पेलला जातो, दोरीचा मल्लखांब ज्यांनी पाहिलाय त्यांना ही आढी, म्हणजे पायांची पकड, चटकन ओळखू येईल. मग ती एकदम सुटून खाली येते ना, लोक किंचाळतात ना, ते पडणं नसतं, किती वेढे उलगडणार आणि कुठे थांबणार हे आधी मोजलेलं असतं. फक्त त्या झटक्याच्या क्षणी वरच्या कडीवर तिच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो. म्हणून आम्ही १००० किलोचा भार घेईल अशी जागा असल्याशिवाय काही टांगत नाही. एका ठिकाणी मालक म्हणाले हा हुक आहे की, झुंबर लटकतंय दोन वर्षं. झुंबर उडी मारत नाही हो. त्या रात्री कापड बॅगेतच राहिलं आणि लोक नाराज झाले, चालेल.

आणि एक विनंती हात जोडून. कापडाची शेपटी जमिनीवर लोळत असते ती धरू नका, ओढू नका, सेल्फीसाठी खांद्यावर तर अजिबात घेऊ नका. मागे एकदा एका पाहुण्याने प्रेमानेच पण ती धरली, आणि वर मुलगी मांडीला वेढा घालून उलटी लटकलेली, खालून ताण आला की तो वेढा आवळतो आणि सुटत नाही. आमच्या मुलाने त्यांचा हात सोडवेपर्यंत पाच-सहा सेकंद गेले असतील, तिच्या मांडीवरचा लाल पट्टा मात्र आठवडाभर होता. तिने हसत ॲक्ट पूर्ण केला म्हणून खाली कोणाला काही कळलंसुद्धा नाही.

झोपाळ्यांवरून एकीकडून दुसरीकडे उडणारे कलाकार दिसतील का, तर नाही, त्याला उंची लागते, जाळी लागते, क्लबच्या छताखाली ते जमत नाही. १२ नोव्हेंबर १८५९ ला पॅरिसमध्ये ज्यूल लिओटार्डने पहिल्यांदा तो खेळ करून दाखवला, अंगाला चिकटून बसणारा तो लिओटार्ड नावाचा पोशाख त्याच्याच नावावरून आला. आमच्याकडे एका जागी टांगलेला ट्रॅपीझ, म्हणजे आडव्या दांडीचा झोपाळा, आणि लोखंडी हूप, म्हणजे मोठं गोल कडं, असतं.

आग. हा प्रश्न येतोच. बंद हॉलमध्ये आम्ही आग लावत नाही, कितीही आग्रह करा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडला एका क्लबात स्टेजवरच्या आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली, २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारियात जवळपास तसंच घडलं, तिथे २४२. फोम पेटला की विषारी धूर व्हायला वेळ लागत नाही आणि अंधारात सगळे आत आलेल्या दाराकडेच पळतात. म्हणून आत एलईडीचे पोई (दोरीच्या टोकाला बांधून फिरवायचे गोळे) आणि दांडे, खरी आग फक्त उघड्या अंगणात आणि तीसुद्धा जागेची व अग्निशमन दलाची लेखी परवानगी असेल तरच. तेव्हा ३ मीटर लांब थांबा, हेअरस्प्रे मारून किंवा सैल नायलॉनचे कपडे घालून पुढे येऊ नका. आग 'खाणारा' ती गिळत नाही, ज्वाळा वर जाते म्हणून मान मागे टाकतो आणि तोंड मिटून हवा तोडतो, की विझली. तोंडात इंधन भरून फुंकर मारायचा प्रकार आम्ही पूर्ण बंद केलाय, ते इंधन फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. दिसायला भारी असतं, मान्य.

आणि हो, आत आल्यावर दुसरं दार कुठंय ते एकदा बघून ठेवा. दहा सेकंदाचं काम आहे.

तलवारवाल्याला हसवू नका. गंमत नाही, खरंच सांगतोय. तलवार दुमडणारी नसते, ती घशातून सरळ अन्ननलिकेत आणि पुढे जठरापर्यंत जाते. १८६८ मध्ये फ्रायबुर्गच्या कुसमाउल नावाच्या डॉक्टरने सरळ नळी पोटात घालून आत बघायचा प्रयोग केला तो तलवार गिळणाऱ्या माणसावरच, कारण त्याला उमासा येत नव्हता. तर पाठीवर थाप, मोठ्याने जोक, हे सगळं तलवार बाहेर आल्यावर.

काठ्यांवर चालणाऱ्यांचं एक लक्षात ठेवा, त्यांना उभं राहता येत नाही. सायकल थांबली की पडते तसंच, सारखे पाय हलवत राहावं लागतं. त्यामुळे तो फोटोसाठी स्थिर थांबत नाहीये म्हणजे भाव खातोय असं नाही. त्याला खाली काय आहे ते दिसतही नाही, जमिनीवर सांडलेलं ड्रिंक किंवा लवंडलेला ग्लास म्हणजे त्याच्यासाठी बर्फच. ग्लास फ्लोअरवर आणूच नका, बाजूला टेबलं आहेत. पायात पूर्ण बंद बूट घाला, काच तुमच्यापण पायात जाऊ शकते.

आवाजाचं सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं ठरवलंय, आम्ही मीटर लावून त्याच्या आत राहतो, तरी रात्रभर म्हटलं की कानाला ते जास्तच आहे. दारात इअरप्लग ठेवलेले असतात, फुकट आहेत, घ्या. अधूनमधून बाहेर मोकळ्या हवेत पण जाऊन या.

ज्यांना फिट येते त्यांनी बुकिंग करतानाच कळवा प्लीज. झगमगणाऱ्या लाइटने फिट यायचा त्रास एपिलेप्सीच्या १०० पेशंटांपैकी साधारण ३ जणांना असतो, पण ते ३ कोण हे आम्हाला बघून कळत नाही. सांगितलंत तर त्या रात्री स्ट्रोब बंद, आणि खरं सांगू का, आमचा जगलर खूश होतो, कारण स्ट्रोबमध्ये त्याला चेंडू तुकड्या-तुकड्यात दिसतो. दमा असेल तरी सांगा, धुराचं मशीन लांब ठेवू.

कधीकधी कलाकार कोणाला तरी रिंगणात बोलावतात. यायचं नसेल तर नुसती मान हलवा, परत विचारणार नाहीत. आणि हाच नियम उलट बाजूनेपण, त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, कपडे चमचमते असले आणि तुम्ही कितीही रंगात आलेला असलात तरी. यावर आम्ही एकदाच सांगतो, दुसऱ्यांदा बाहेर सोडतो.

एखाद्या रात्री कोणाचा खांदा दुखावलेला असला तर तो ॲक्ट बदलतो, तो निर्णय कलाकाराचा, आम्ही त्यात पडत नाही.

फोटो फ्लॅश बंद करून कितीही काढा. कलाकारांसोबत हवा असेल तर शेवटच्या ॲक्टनंतर अर्धा तास थांबा, घाम पुसून, साध्या कपड्यात ते बाहेर येतात. कापडवाल्या मुलीशी हात मिळवलात तर तळवा चिकट लागेल, पकडीसाठी लावलेली राळेची पूड असते ती, साबणाने दोनदा धुतलं की जाते.