केस पेपर तोच, निदान वेगळं

अमेरिकेतल्या २९० मनोविकारतज्ज्ञांना दोन रुग्णांची माहिती वाचायला दिली आणि निदान विचारलं. लक्षणं, आजाराचा इतिहास सगळ्यांसाठी सारखाच. बदललं होतं एवढंच, की रुग्ण कृष्णवर्णीय की गोरा, स्त्री की पुरुष. काहींना तेही सांगितलं नव्हतं. लॉरिंग आणि पॉवेल यांचा हा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. ‘कृष्णवर्णीय पुरुष’ असं लिहिलेलं असलं, की पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास, भ्रम आणि संशय असलेल्या गंभीर मनोविकाराचं, निदान जास्त वेळा झालं. माहिती तीच असूनही त्याच्यात संशयीपणा आणि हिंसकपणा अधिक दिसला.

ही नजर शिकता शिकताच घडत जाते. १८५१ मध्ये लुइझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने गुलामाच्या पळून जाण्यालाच आजार ठरवलं आणि त्याला ‘ड्रापेटोमेनिया’ असं नाव दिलं. १९७४ मध्ये एका नामांकित मनोविकार नियतकालिकात हॅलोपेरिडॉल या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाची जाहिरात आली, त्यावर मूठ आवळलेला, संतापलेला कृष्णवर्णीय माणूस होता. शिकाऊ डॉक्टरही तीच पानं चाळत होते.

समजा, एखादा कृष्णवर्णीय तरुण म्हणाला, “पोलीस माझ्यावर नजर ठेवतात.” हा भ्रम, की त्याच्या वस्तीतला रोजचा अनुभव? खोदून विचारल्याशिवाय कळायला मार्ग नाही. न विचारता ‘भ्रम’ लिहिलं, की आत दडलेलं नैराश्य तसंच राहतं. रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १,६५७ रुग्णांची माहिती तपासली. २०१९ मध्ये त्यांनी मांडलं, की स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसलेल्यांपैकी कृष्णवर्णीयांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणं गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतात. चुकीच्या निदानावर वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्या माणसाचं वजन वाढतं, मधुमेहाचा धोका वाढतो आणि मूळ दुखण्याला कुणी हातच लावत नाही. मला हे फार अस्वस्थ करतं.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने जानेवारी २०२१ मध्ये या इतिहासाबद्दल जाहीर माफी मागितली, ते योग्यच झालं. मला मात्र जास्त आशा वाटते ती २०१३ च्या डीएसएम-५ मधल्या, म्हणजे याच संघटनेच्या मनोविकार-निदानाच्या पुस्तकातल्या, १६ प्रश्नांच्या मुलाखतीची. रुग्णाचा त्रास त्याच्या संस्कृतीच्या नजरेतून समजून घ्यायला ती आहे. त्यातला एक प्रश्न असा: तुमचा त्रास घरच्यांना, मित्रांना तुम्ही कसा सांगाल? ही मुलाखत आधी सहा देशांत वापरून पाहिली गेली आणि त्यात पुणंही होतं. आपल्याकडे किती जण ‘मला डिप्रेशन आहे’ म्हणत येतात? ‘कशात जीव रमत नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं’ असंच सांगतात. शिकाऊ डॉक्टरने ते वाक्य जसंच्या तसं केस पेपरवर उतरवायचं. निदानाचा रकाना त्यानंतर.