आस्क-१ कायनेज आणि किडनीतले वण: पार्श्वभूमी

कोल्हापुरातला मधुमेहाचा जुना रुग्ण लॅबचा कागद हातात घेतो, तेव्हा आधी क्रिएटिनिन बघतो, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा किती उरलाय ते. किडनीत पडलेले वण, म्हणजे फायब्रोसिस, त्या आकड्यात थेट दिसत नाहीत. त्यासाठी बायोप्सी लागते. आस्क-१ या प्रोटीन कायनेजला रोखणाऱ्या औषधाचं घोडं नेमकं इथेच अडलं.

कायनेज दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं आणि त्याचं काम बदलतं. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांनी १९५० च्या दशकात ही क्रिया स्नायूंत उलगडली. नोबेल मिळायला १९९२ उजाडलं. हिदेनोरी इचिजो यांच्या गटाने आस्क-१ ची माहिती १९९७ मध्ये मांडली. एरवी थायोरेडॉक्सिन नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं. पेशीत ऑक्सिडेटिव्ह ताण वाढला की थायोरेडॉक्सिन सुटतं, आस्क-१ जागं होतं आणि मधल्या कायनेजांमार्फत पी-३८ व जेएनके ही आणखी दोन कायनेज चालू होतात. मग किडनीतल्या नलिकांच्या पेशी मरतात, दाह वाढतो, मायोफायब्रोब्लास्ट या वण घडवणाऱ्या पेशी कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन साठवू लागतात.

याची परीक्षा झाली ती उंदरांवर. एक मूत्रवाहिनी दोऱ्याने बांधली की ७ ते १४ दिवसांत त्या बाजूच्या किडनीत ठळक वण पडतात. आस्क-१ चं जनुक काढलेल्या उंदरांत ते कमी पडले. पण या प्रयोगात दुसरी किडनी काम सावरून घेते, म्हणून क्रिएटिनिन फारसं चढतच नाही. निकाल काढायचा तो ऊतीवरून; मॅसन ट्रायक्रोमसारख्या रंगाने कोलॅजेन दाखवून.

माणसांत मोजपट्टी बदलली. सेलॉन्सर्टिब या आस्क-१ रोधकाची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली: टाइप-२ मधुमेहाचे ३३३ रुग्ण, ४८ आठवडे, रोज २, ६ किंवा १८ मिलिग्रॅम, नाहीतर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. मुख्य निकष ईजीएफआरचा, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेल्या किडनीच्या गाळणीच्या अंदाजाचा. त्यात फरक दिसला नाही. कारण मासलेवाईक आहे. थोडं क्रिएटिनिन नलिका स्वतः लघवीत सोडतात, आणि औषधाने तीच वाट अडवली. गाळण तेवढीच राहिली तरी कागदावरचा ईजीएफआर घसरणारच. पहिले ४ आठवडे वगळल्यावर १८ मिलिग्रॅमच्या गटातली घसरण प्लासिबोपेक्षा मंद दिसली. पण ते विश्लेषण मागाहून केलेलं, त्यावर औषध उभं राहत नाही.

ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक आणि सिमेटिडीन हे अॅसिडिटीचं औषधही हीच वाट अडवतात. तांबड्या रश्श्याबरोबर मटण चापून लगेच रक्त दिलं तरी क्रिएटिनिन तात्पुरतं वर जातं, कारण शिजलेल्या मांसातच ते असतं. अशा वेळी सिस्टॅटिन-सी हे गाळणीचा अंदाज देणारं रक्तातलं दुसरं प्रथिन जोडीला तपासावं; मात्र थायरॉइडचा विकार किंवा स्टेरॉइड चालू असेल तर तोही आकडा हलतो.