‘बंदी घातली’ म्हणजे ‘पुसून टाकली’ नव्हे

अधूनमधून एक मेसेज फिरतो: एखाद्या देशाने वेबसाइटवर बंदी घातली की ती इंटरनेटवरूनच कायमची पुसली जाते.

तसं होत नाही. वेबसाइट कुठल्यातरी सर्व्हरवर (ती साठवून इंटरनेटवर पुरवणाऱ्या संगणकावर) असते आणि तो सर्व्हर बहुधा दुसऱ्याच देशात असतो, जिथे हा हुकूम चालत नाही. म्हणून बंदी घालतात ती वाटेवर. देशातल्या इंटरनेट कंपन्यांना सांगितलं जातं की या वेबसाइटच्या नावामागचा सर्व्हरचा पत्ता ग्राहकांना देऊ नका. किंवा वेबसाइटच पाहणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या त्याच्या क्रमांकावरून) देश ओळखून तेवढ्यांपुरता मजकूर झाकते. जर्मनीत नाझी चिन्हांचा प्रचार गुन्हा आहे. अमेरिकेत तेच अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं. त्यामुळे एकच पान एकीकडे दिसतं, दुसरीकडे नाही. (मूळ सर्व्हरच त्या देशात असेल तर मात्र तो खरोखर बंद करता येतो.)

पडताळायचं कसं? परदेशातल्या ओळखीच्याला तोच पत्ता उघडून पाहायला सांगा. पडद्यावरचा आकडाही वाचा: ४०४ म्हणजे पान सापडलं नाही, ४५१ म्हणजे कायदेशीर कारणाने अडवलं. हा ४५१ सगळेच दाखवत नाहीत. बऱ्याचदा नुसतं कोरं पान येतं, आणि गैरसमज बहुतेक तिथूनच सुरू होतो.