कार्बोरेटरमधला फटका: मिश्रण पातळ की टायमिंग चुकलेलं?

मोटरसायकलला ॲक्सिलरेटर दिला की कार्बोरेटरमधून, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या भागातून, फट्ट आवाज येतो. मग एकजण मिश्रण जुळवणारा एअर स्क्रू फिरवतो, दुसरा लगेच पॉइंटची (ठिणगी पाडणाऱ्या स्विचची) प्लेट सरकवून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, बदलतो. दोन्ही एकदम हलवलं की मूळ दोष कुठे होता हे शोधायची वाटच बंद होते. असं करू नका.

सायलेन्सरमधले फटाके वेगळे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागे फटफट होत असेल तर बेंड पाइपचं (इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीचं) गॅस्केट आणि स्लो जेट (कमी वेगाला पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बघा, बहुतेकदा तिथेच मिटतं. इथे प्रश्न एअर फिल्टरच्या बाजूने येणाऱ्या फटक्याचा आहे.

कार्बोरेटरची बाजू बहुतेकांना पाठ असते: स्लो जेट तुंबला, फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची) पातळी उतरली किंवा कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या रबराला चीर गेली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. पातळ मिश्रण सावकाश जळतं. इनलेट व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो तेव्हाही सिलिंडरमध्ये आग शिल्लक असते आणि आत येणारं ताजं मिश्रण पेटतं. गोम अशी की ठिणगी खूप उशिरा पडली तरी जळणं असंच लांबतं आणि फटका तिथूनच येतो. त्यामुळे नुसत्या आवाजावरून निदान करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

निदान चोकवर करायचं, कारण चोक ओढला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, चोक अर्धा ओढा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवा. फटके थांबले किंवा स्पष्ट कमी झाले तर मिश्रण पातळ आहे, टायमिंगला हात लावायचा नाही. जेट साफ करा, मगच स्क्रू. तो पूर्ण बंद करून दीड ते दोन फेरे उघडा आणि तिथून बारीक जुळवा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर उघडल्यावर मिश्रण पातळ होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर उघडल्यावर घट्ट होतं. हे न बघता फिरवणारे दोष दुप्पट करून ठेवतात.

चोक ओढूनही फटके तसेच राहिले तर टायमिंगकडे वळा. किक उलटी मारत असेल तर ठिणगी लवकर पडतेय. गाडी सुस्त आणि बेंड पाइप लाल होत असेल तर उशिरा. पॉइंटवाल्या गाडीत आधी गॅप, मग टायमिंग, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलतं: गॅप वाढला की ठिणगी लवकर, कमी झाला की उशिरा. पॉइंटची टाच झिजते तसा गॅप आपोआप कमी होत जातो. बऱ्याच गाड्यांना ०.३ ते ०.४ मिमी गॅप लागतो, फिलर गेजने मोजा. नुसत्या नजरेने लावलेला गॅप मला मान्य नाही. मग स्ट्रोब लाइट (प्रत्येक ठिणगीला चमकणारा दिवा) लावा. आयडलला फिरत्या भागावरची एफ खूण (ठिणगीची खूण) बॉडीवरच्या खुणेसमोर स्थिर दिसली पाहिजे. ती नाचत असेल तर ॲडव्हान्सरच्या (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंग ढिल्या झाल्यात किंवा वजनं अडकताहेत. अशा वेळी प्लेट सरकवून उपयोग नाही.

सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन) गाडीत बहुधा प्लेट सरकवायची सोयच नसते. तिथे टायमिंग हललंच तर मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) काढून त्याला क्रँकवर जागेवर धरणारी छोटी चावी तपासा. नट ढिला राहिला की ती कातरली जाते आणि मॅग्नेट काही अंश फिरून बसतो. चावी नवी टाका, नट टॉर्क रेंचने आवळा.

टायमिंग बदललं की आयडलही बदलतं, म्हणून आयडल आणि मिश्रणाचा स्क्रू सगळ्यात शेवटी, इंजिन गरम असताना लावा.