ब्लाउजमधला मोबाइल आणि स्तनाचा कर्करोग

‘मोबाइल ब्लाउजमध्ये ठेवला की स्तनाचा कर्करोग होतो, आणि उपचार चालू असलेल्या बाईने तर फोनला हातच लावू नये.’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असते, आणि ‘रेडिएशन’ म्हटल्यावर धास्ती वाटणारच.

पण रेडिएशन अनेक प्रकारचे असते. एक्स-रेच्या किरणांत पेशीतला डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा असते. मोबाइलच्या रेडिओलहरींची वारंवारता घरातल्या दिव्याच्या उजेडापेक्षाही लाखो पटींनी कमी, आणि वारंवारता कमी तशी ऊर्जाही कमी. त्या ऊतींना फार तर किंचित ऊब देतात, डीएनए तोडू शकत नाहीत. त्या उबेवरही मर्यादा आहे: भारतात एक किलो ऊतीमागे 1.6 वॅट. बऱ्याच फोनवर *#07# दाबलं की आपल्या फोनचा आकडा दिसतो, बघा.

खरा धोका फोन काढून घेण्यात आहे. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता, रात्री दोनलासुद्धा रुग्णालयात कळवायचं असतं. तापाची गोळी आधी घेऊ नये, ताप झाकला जातो. गोळ्यांचा गजर, जखमेचा फोटो, पुढची तारीख, सगळं त्याच फोनवर. (पेसमेकर असेल तर मात्र फोन त्याच्यापासून वीतभर दूर ठेवावा, त्याचं कारण फोनमधलं चुंबक, कर्करोग नव्हे.)

तरी शंका उरली, तर तो मेसेज पुढच्या तपासणीत डॉक्टरांनाच दाखवा.